ओउलूतील नऊ तास

गेले तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला आहे. ताटे त्याच्या कडेकडेने मांडली जातात. आमटीचा एक डाग बॉथनियाच्या आखातात पडला, आणि तो पुसण्याच्या नादात स्वीडनचा थोडा किनाराही पुसला गेला. आखाताच्या अगदी वरच्या टोकाशी, पासष्टाव्या अक्षांशावर, पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेले आहे. ते ओउलू. येत्या जूनमध्ये स्टॉकहोमहून निघणारे एक पर्यटन-जहाज तिथे सकाळी आठला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. या नऊ तासांचे काय करायचे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो वाटला होता तितका सोपा नाही.

प्रवासवर्णन हा प्रकार आम्ही दोघांनी मिळून साठेक वर्षे वर्गात शिकवला. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' तर इतक्या वेळा की, वरसईहून निघालेली ती वाट आम्हांला आमच्या गल्लीइतकी पाठ झाली. घरावर कर्ज झालेले, म्हणून एक तरुण भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, बंडाच्या वणव्यात सापडतो, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परततो. पुस्तक छापून निघाले ते १९०७ साली. मराठी प्रवासवर्णनाची ही जुनी घडी: मुलगा दूर जातो, आईवडील वाट पाहतात, मुलगा परत येतो. आमच्या प्रवासात ही घडी उलटी पडली आहे. जाणार आहोत ते आम्ही, म्हातारपणी. आणि ज्याच्या गावाला जायचे, तो तिथे नाही.

आमचा मुलगा २००३ साली नोकरीसाठी ओउलूला गेला आणि २०१४ पर्यंत तिथे राहिला. अकरा वर्षे. त्या अकरा वर्षांत आम्ही एकदाही तिकडे गेलो नाही. पहिली काही वर्षे कारणे खरी होती. दोघांच्याही नोकऱ्या चालू होत्या, आणि घरी त्याची आजी अंथरुणाला खिळलेली होती. तो दर उन्हाळ्यात तिकिटे पाठवतो म्हणायचा आणि आम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचो. मग डिसेंबर २००९ मध्ये आजी गेली. हिवाळ्याच्या गर्दीत त्याला विमान मिळाले नाही, आणि तो रत्नागिरीला पोचला तो पाचव्या दिवशी. त्या रात्री आमच्यापैकी एकाने त्याला म्हटले, "तुझ्या त्या गावाचं तोंडसुद्धा आम्हांला पाहायचं नाही." दुसऱ्याने ते ऐकले आणि काहीही म्हटले नाही. बोलले कोण आणि गप्प राहिले कोण, हे सांगण्यात आता अर्थ नाही. इतक्या वर्षांनंतर ते वाक्य दोघांचेच झाले आहे.

त्यानंतर त्याने बोलावले नाही. पुढे कंपनीने तिथला विभाग बंद केला आणि तो कॅनडात गेला. संबंध तुटले असे मुळीच नाही. दर रविवारी फोन येतो, सणावाराला चित्र दिसते, बोलणे तब्येतीचे आणि हवामानाचे. फक्त ओउलूचा विषय निघत नाही.

म्हणून आम्ही ते गाव वाचायला घेतले. दुसरे काही आम्हांला येत नाही.

पहिला धडा समुद्राचा. आम्ही रत्नागिरीकर, समुद्र म्हटला की खारा वारा आणि दिवसातून दोनदा येणारी भरती, एवढे आम्ही गृहीत धरलेले. बॉथनियाच्या आखाताच्या या उत्तर टोकाला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मोठमोठ्या नद्या येऊन मिळतात आणि खुला महासागर फार दूर, त्यामुळे पाणीही जेमतेम खारट. त्यात गोड्या पाण्यातले मासे सुखाने राहतात. हिवाळ्यात हा सगळा विस्तार गोठतो आणि बर्फफोड्या जहाजांनी वाट काढून दिल्यावरच मालवाहू जहाजे बंदराला लागतात.

त्याहून चकित करणारी गोष्ट जमिनीची. हिमयुगात या भूमीवर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता, आणि त्याच्या भाराने जमीन खाली दबली होती. तो बर्फ वितळून सुमारे दहा हजार वर्षे झाली, तरी जमीन अजून वर येतेच आहे. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर. शतकात पाऊण मीटरहून अधिक. जुनी बंदरे उथळ होत जातात, बेटे किनाऱ्याला जोडली जातात, समुद्र गावापासून मागे सरत राहतो. भार निघून गेल्यावरही दबलेले पूर्ववत व्हायला इतका काळ लागतो, हे वाचून त्या रात्री नकाशा लवकर घडी करून ठेवला.

तिसरा धडा उजेडाचा. डिसेंबरात तो भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचला फोन करायचा, तेव्हा त्याच्याकडे दुपारचे दोन वाजलेले असत. "आता इथे अंधार पडतोय," असे तो म्हणायचा. ही त्याची नाटकी सवय आहे, आपल्याला वाईट वाटावे म्हणून तो बोलतो, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. आता सूर्योदय-सूर्यास्ताचे तक्ते समोर घेऊन बसलो तेव्हा दिसले की, डिसेंबरच्या मध्यावर तिथला सूर्य दुपारी दोनच्या सुमारास खरोखरच मावळतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम साडेतीन तासांचा. मुलगा निव्वळ वस्तुस्थिती सांगत होता. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक ओळीखाली 'संदर्भासह स्पष्टीकरण' मागणाऱ्या आम्ही दोघांनी त्याच्या वाक्याचा संदर्भ कधी तपासला नाही.

इतिहासाकडे वळलो तेव्हा जरा मोकळे वाटले. ओउलू हे १६०५ साली स्वीडनचा राजा नववा चार्ल्स याने वसवलेले गाव. एकोणिसाव्या शतकात ते डांबरासाठी प्रसिद्ध होते. हे डांबर रस्त्यावरचे नव्हे, पाइनच्या लाकडाचे. आतल्या काइनू प्रांतात शेतकरी पाइनच्या झाडांची साल सोलून त्यांना काही वर्षे तसेच उभे ठेवीत, म्हणजे लाकडात राळ भरे. मग ते लाकूड नरसाळ्याच्या आकाराच्या खड्ड्यात रचून, वरून मातीने झाकून, कित्येक दिवस मंद जाळीत. तळातून डांबर ठिबके. ते पिंपांत भरून लांबट, अरुंद होड्यांतून ओउलू नदीच्या खळाळांवरून खाली समुद्राकडे आणीत. खळाळातून होडी नेण्यासाठी खास वाटाडे असत. लाकडी जहाजांचे तळ आणि दोरखंड कुजू नयेत म्हणून जगातल्या आरमारांना हे डांबर हवे असे, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अर्थातच इंग्रज.

याच इंग्रजांनी १८५४ च्या जूनमध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात, ओउलूचे डांबर जाळले. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते, म्हणून शत्रूचा माल. रिअर अ‍ॅडमिरल प्लम्रिज याच्या तुकडीने आधी राहे आणि मग ओउलू येथील वखारी, लाकूड, बांधून होत आलेली जहाजे पेटवून दिली. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच मालाचे पैसे इंग्लंडमधल्याच व्यापाऱ्यांनी मोजलेले होते. पार्लमेंटमध्ये त्यावरून प्रश्न विचारले गेले. युद्ध संपल्यावर जोसेफ स्टर्ज हा इंग्लंडमधला क्वेकर व्यापारी १८५६ साली फिनलंडला जाऊन आला, आणि क्वेकरांनी तिथल्या नुकसानग्रस्तांसाठी वर्गणी गोळा करून मदत पाठवली. आपल्या माणसांनी रागाच्या भरात जे जाळले त्याची भरपाई करायला, उशिरा का होईना, कुणीतरी समुद्र ओलांडून जाते, हा तपशील आम्ही वहीत दोन वेळा लिहिलेला आढळला. एकदा एकाच्या अक्षरात, एकदा दुसऱ्याच्या.

साहित्याचे म्हणाल तर, ज्या नदीतून डांबर खाली येई तिच्या वरच्या अंगाला काजानी नावाचे गाव आहे. एलियास लॉनरॉट हा डॉक्टर १८३३ पासून तिथे सरकारी वैद्य होता, आणि रुग्ण पाहता पाहता लोकगीते गोळा करून त्याने १८३५ साली 'कालेवाला' प्रसिद्ध केले. विस्तारित आवृत्ती १८४९ ची. विष्णू खरे यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद आमच्याकडे होता, पण नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रस्तावनेपुरता वाचलेला. आता त्यातली लेम्मिन्काइनेनच्या आईची कथा शोधून वाचली. उनाड मुलगा दूरदेशी जातो आणि मृत्युलोकाच्या काळ्या नदीत त्याच्या देहाचे तुकडे होतात. आई लोहाराकडून मोठे दंताळे करवून घेते, नदीत कमरेपर्यंत उतरते, एकेक तुकडा वेचून जोडते, आणि मधमाशीकडून आणवलेल्या औषधाने मुलाला उठवते. कथेतला कावळा तिला सांगत असतो की आता उशीर झाला, सोडून दे. ती ऐकत नाही. आमच्या कामाची तिच्याशी तुलना करणे हास्यास्पद ठरेल. आमचा मुलगा सुखरूप आहे, कॅनडात बर्फ उपसतो आहे. पण अकरा वर्षांचे तुकडे वेचायचे म्हणजे काय, याचा थोडा अंदाज त्या दंताळ्याने दिला.

ओउलूत जन्मलेले दोन लेखकही वाचनात आले. एक फ्रान्स मिकाएल फ्रान्झेन, जन्म १७७२. स्वीडिश भाषेत लिहिणारा कवी. १८०९ साली फिनलंड रशियाकडे गेल्यानंतर तो स्वीडनला निघून गेला आणि पुढे आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, हार्नोसांड येथे बिशप झाला. दुसरी सारा वाक्लिन, जन्म १७९०. ही शाळा चालवणारी शिक्षिका. उतारवयात ती स्टॉकहोमला गेली आणि तिथे बसून तिने आपल्या मुलुखाच्या शंभर आठवणी लिहिल्या, ज्या १८४४-४५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. 'स्मृतिचित्रे' प्रिय असणाऱ्या वाचकाला ही बाई ओळखीची वाटेल. दोघेही गाव सोडून गेलेले. गाव सोडून गेलेल्यांनीच गावाविषयी लिहावे, अशी काही रीत असावी. आमच्या मुलाने मात्र काही लिहिलेले नाही.

आणखी एक नोंद. ज्याला आता गप्पांची खोली म्हणतात, त्या प्रकारची संगणकावरची एक सुरुवातीची व्यवस्था, आय.आर.सी., १९८८ साली यार्को ओइकारिनेन याने ओउलूच्याच विद्यापीठात तयार केली. अबोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाच्या एका थंड कोपऱ्यात, न बोलता बोलण्याची सोय निघाली. आमच्या घरालाही ती उपयोगी पडली असती.

तर आता प्रत्यक्ष वेळापत्रक. जहाजाच्या कंपनीच्या सहली महाग आहेत. पण सहलीची बस अडकली तर जहाज थांबते, आणि स्वतःच्या पायांनी फिरणाऱ्यांसाठी ते थांबत नाही, हे अनुभवी प्रवासी सांगतात. शिवाय फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे. तेव्हा जहाजावरची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ एकच आहे की नाही, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यायचे. सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी परत चढायचे. बंदर शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर आहे. गुडघ्यांचा विचार करता नऊ तासांतले हाताशी येतात ते साडेसहा.

आमची पहिली यादी पुढीलप्रमाणे होती. बाजारचौक, तिथला १९८७ साली बसवलेला ठेंगणा-ठुसका ब्राँझचा पोलीस, आणि शेजारची १९०१ सालची मंडई. आगीनंतर कार्ल लुडविग एंगेल याच्या आराखड्यानुसार उभारलेले कॅथीड्रल. ज्या किल्ल्याच्या दारूकोठारावर १७९३ साली वीज पडून तो उडाला, त्याचे अवशेष. जुन्या लाकडी घरांचे पिकिसारी बेट. २०२६ ची युरोपीय सांस्कृतिक राजधानी म्हणून निवड झालेल्या गावात पाहण्यासारखे पुष्कळ असणार, हे उघड आहे. यादी नेटकी होती, आणि तिच्यात मुलगा कुठेच नव्हता.

अखेर एका रविवारी फोनवर सांगितले, की आम्ही जूनमध्ये ओउलूला जातो आहोत. बराच वेळ पलीकडे शांतता. मग त्याने विचारले, "जहाजाने का? हेलसिंकीहून रेल्वे आहे, रात्रीची. स्वस्त पडेल, आणि आठवडाभर राहता येईल."

गुडघे, सामान, जेवणाची सोय अशी उत्तरे आम्ही दिली. ती खोटी नव्हती. खरे उत्तर फोन ठेवल्यावर एकमेकांना दिले. आठवडाभर राहण्याचे धैर्य आमच्यात नाही. ज्या गावाचे तोंड पाहायचे नाही असे म्हटले, त्या गावात सात दिवस त्याच्या वाटांवरून चालणे आम्हांला झेपणार नाही. जहाजाने आम्हांला नऊ तासांची मर्यादा घालून दिली, आणि आम्ही ती भित्रेपणाने, पण कृतज्ञतेने स्वीकारली. तुम्ही बरोबर ये, असे त्याला म्हणण्याचेही धैर्य झाले नाही. त्यानेही तसे सुचवले नाही.

चार दिवसांनी त्याचे पत्र आले. संगणकावरचेच, पण पत्र म्हणावे इतके लांब. आमची यादी त्याने प्राध्यापकी निर्दयपणे तपासली होती. कॅथीड्रल बाहेरून पाहिलेत तरी चालेल. किल्ल्यात फारसे काही नाही. त्याऐवजी मंडईत कॉफी प्या, मग बेटाबेटांवरून जाणाऱ्या पुलांनी नदी ओलांडा. धरणाजवळ माशांसाठी केलेली पायऱ्यांची वाट आहे, तिथे थांबा. चाळीसच्या दशकात जलविद्युत केंद्र बांधले तेव्हा सामन माशांचा समुद्रातून नदीत येण्याचा रस्ता बंद झाला होता. २००३ साली ही वाट करून तो पुन्हा उघडला. "मी गेलो त्याच वर्षी," एवढेच त्याने पुढे लिहिले होते. नदीच्या उत्तर काठाला तुइरा. "आपलं घर तुइराला होतं. दुसरा मजला, मागे बर्च. एक खोली रिकामीच असायची."

या तीन वाक्यांवर आमचा एक अख्खा दिवस गेला. फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, 'हान', हे आम्ही वाचले होते. आणि आपल्याकडच्या 'आम्ही' आणि 'आपण' या दोघांनाही तिथे एकच. मराठीत मात्र निवड करावी लागते. 'माझं घर' असे तो सहज लिहू शकला असता. 'आपलं' हा शब्द मराठी माणूस कधी नुसत्या सवयीनेही वापरतो, हे व्याकरण आम्हीच शिकवले आहे. त्यामुळे त्याचा अर्थ किती ताणायचा याविषयी आमच्यात मतभेद आहेत. रिकाम्या खोलीविषयी मतभेद नाहीत.

नवे वेळापत्रक त्याच्या पत्राप्रमाणे केले. मंडई, पूल, माशांची वाट, तुइरा. कॅथीड्रल वगळले. तुइरात त्या घरासमोर उभे राहायला वीस मिनिटे ठेवली आहेत. त्या वेळात काय करणार, हे ठरलेले नाही. तिथे आता दुसरे कुणी राहत असेल, त्यामुळे फार वेळ रेंगाळणेही बरे नव्हे.

राहता राहिला व्हिसाचा अर्ज. शेंगेन देशांपैकी जिथे सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. जहाजावरच्या रात्री कोणत्या देशाच्या, यावर दोन संध्याकाळी खल झाला आणि बंदरे मोजून फिनलंड ठरले. तीस हजार युरोंचा विमा झाला, बँकेचे उतारे झाले, छायाचित्रे दोनदा काढून झाली. अर्जात 'प्रवासाचा हेतू' असा एक रकाना आहे. समोर चौकटी: पर्यटन, व्यवसाय, कुटुंबीयांची वा मित्रांची भेट, आणि अशाच काही. दुसऱ्या चौकटीवरून पेन तिसऱ्या चौकटीपर्यंत गेले आणि तिथे थांबले. भेटीला जायचे तर यजमानाचे नाव आणि तिथला पत्ता द्यावा लागतो. पत्ता आम्हांला पाठ आहे. त्या पत्त्यावर आमचे कुणी राहत नाही.

आम्ही पर्यटनाच्या चौकटीत खूण केली आणि दोघांनी आपापल्या अर्जावर सही केली. असो. जहाज आठला लागते.